माइकपासून मागं मागं

माझं वय सव्वीस आणि मी पोटापाण्यासाठी म्हातारी होते. म्हणजे रोज सकाळी चहा प्यायचा, स्कूटी काढायची, अवसरी बुद्रुकहून मंचरला जायचं, खताच्या दुकानावरच्या एका खोलीत शिरायचं, चपला दारात काढायच्या आणि माइकसमोर बसलं की मी गोदाआत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी, सगळ्या गावाच्या चुलीपर्यंत पोचलेली. आमच्या छोट्या रेडिओ केंद्राची एक मालिका आहे, त्यातली. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो मी अजून कुठं रिटायर झालीय. तर पलीकडचे म्हणाले, आम्हाला आवाजावरनं वाटलं तुम्ही झाला असाल. तर असं आहे. लिहिते. मी लई भराभर टाइप करते, पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

आधी आमची खोली सांगते, कारण पुढचं सगळं तिथनं सुरू होतं. चारी भिंतींना माझ्या आईच्या जुन्या गोधड्या टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. दार लावलं की खालचं दुकान, रस्ता, ट्रॅक्टर, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं होतं. मग डोळे मिटायचे. "सूनबाई, चहात साखर घातली का नुसतीच दाखवली," एवढं म्हणायचं की समोर खरंच एक स्वैपाकघर उभं राहतं. धूर दिसतो. खिडकीतला उजेड कुठल्या बाजूनं येतोय ते पण दिसतं. मला खूप वेळा असं झालंय की रेकॉर्डिंग संपवून जिना उतरले आणि मंचरचा रस्ताच खोटा वाटला, आणि ते घर खरं.

लोकांना वाटतं म्हातारीचा आवाज काढायचा म्हणजे गळा पिळायचा. तसं नसतं. गळ्याला हात लावायचा नाही. मी एक गुडघा वर घेऊन बसते, एक हात कमरेवर दाबून धरते आणि श्वास वाक्याच्या मध्येच घेते. आपण तरणी माणसं वाक्य संपवून श्वास घेतो. म्हाताऱ्या माणसाला तेवढा पुरत नाही, त्यामुळं ते मध्ये कुठंतरी थांबतं, आणि जिथं थांबतं तिथंच त्याच्या मनातलं असतं. हे मला कुठल्या कोर्समध्ये नाही शिकवलं. गणपतनानांनी शिकवलं. नानांकडं येतेच, आधी गिऱ्हाइकं सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एक टोमॅटोची रोपं विकणारे भाऊ जाहिरात करायला आले. त्यांचं म्हणणं, गोदाआत्यानं रोपं बघून हसायचं. मी हसले. म्हणाले, एवढं न्हाई, भाव मिळाल्यावानी हसा. मी परत हसले. म्हणाले, आता जास्त झालं, लोकांना खरं वाटणार न्हाई, एवढा भाव कुणाला मिळतोय. आमचा विक्या, म्हणजे विक्रम, जो लॅपटॉप सांभाळतो, आवाज जोडतो आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करतो, तो टेबलाखाली वाकून हसत होता.

मग मला बघायला आलेली मंडळी. पोरगा बरा होता. मी पोहे घेऊन गेले आणि "घ्या नं" एवढंच म्हटलं, तर पोराची आजी ताठ बसली. "ही तर गोदाआत्या." तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिची जुनी देणेकरी आहे. तिकडनं निरोप आला की पोरगी पसंत आहे, पण आज्जी म्हणतायत घरात एक म्हातारी पुरं. आईला लई वाईट वाटलं. मला थोडं वाटलं आणि बरंचसं असं वाटलं की मेडल मिळालं.

आता नाना.

गणपतनाना ओझरचे. मालिकेत माझे थोरले भाऊ. खऱ्या आयुष्यात तरुणपणी पुण्यात छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी रेडिओच्या नाटकांत बारीकसारीक कामं करायचे. पुढं टीव्ही आला, काळा-पांढरा, तेव्हा मुंबईला जाऊन त्यातही. कधी नायक नाही, कधी खलनायक नाही. पोस्टमन, रखवालदार, नवरीचा बाप, सुट्टी संपलेला जवान. एसटीनं येतात, खांद्याला शबनम, त्यात ओझरच्या गणपतीचा प्रसाद आणि घसा साफ करायला ज्येष्ठमधाची काडी. मला म्हणायचे, "काय आत्याबाई, गुडघा काय म्हनतोय?" मी म्हणायचे, "तुमच्यापेक्षा बरा हाय दादा." मग आमचं दोघांचं वय कुठंतरी मधल्या मध्ये विरघळून जायचं.

नानांची खासियत एकच होती. जाणं.

हे नीट समजावून सांगते. रेडिओवर माणूस घरातनं बाहेर पडला हे कसं कळणार? आता विक्या बोटानं आवाज हळूहळू उतरवतो, झालं. नानांच्या काळात नाटक थेट जायचं. सगळे नट माइकभोवती उभे आणि ज्याला जायचंय त्यानं बोलत बोलत खरंच लांब चालत जायचं. बाकीचे पाठ फिरवून जायचे. नाना म्हणायचे, पाठ फिरवली की शब्द भिंतीवर आपटतो, माणूस घराबाहेर गेला न्हाई, भिंतीत गेला असं वाटतं. म्हणून नाना चपला काढून, तोंड माइककडं ठेवून, मागं मागं चालायचे. पायाखाली वायरी असायच्या, खुर्च्या असायच्या, सगळं आधी पाठ करून ठेवायचं. डोळे ज्याला सोडून चाललोय त्याच्यावर. "निघालेल्या मानसाचं ध्यान दाराकडं नसतं पोरी," ते म्हणाले होते, "घरात कोन ऱ्हायलं तिकडं असतं."

त्यामुळं झालं काय, कुठल्याही नाटकात कुणी जायचं असलं की निरोप यायचा, गणपतला बोलवा. टीव्हीवर पण तेच. तिथं तर त्यांचा चेहरा पण दिसायचा नाही, नुसती पाठ. पहिल्यांदा टीव्हीवर आले तेव्हा गावातल्या एकुलत्या एका सेटसमोर सगळी आळी बसलेली, आणि नाना दिसले ते पेटी घेऊन फाटकातनं बाहेर जाताना. लोक म्हणाले, ह्यो गनपत कशावरनं? त्यांची आई म्हणाली, "डावा खांदा उतरलेला हाय, माझंच हाय त्ये."

"मी उभ्या जन्मात नुसता गेलोय बघ," नाना हसून म्हणायचे. "एका लेखकाला वाटलं न्हाई, याला परत आनावं."

आणि ते जाणं काय होतं ते मी स्वतः बघितलंय. विक्यानं सांगितलं, नाना, आवाज मी कमी करतो, तुम्ही बसा. नाना म्हणाले, बरं. आणि वेळ आली तशी उठलेच. चपला नव्हत्याच पायात. मागं मागं, गोधडीला पाठ टेकेपर्यंत. त्या भागात गोदाआत्याचा भाऊ संध्याकाळचा उसाच्या कडेनं वस्तीवर जायला निघतो. भाग लागला आणि आमचा फोन वाजायला लागला. एक बाई म्हणाली, तुमच्या नानांना म्हनावं, उसाकडनं जाऊ नका, डांबरी रस्त्यानं जावा, परवाच बिबट्या दिसलाय तिथं. विक्या म्हणाला, ताई, ती मालिका आहे. बाई म्हणाली, मालिका आसू दे वो, पन म्हातारा माणूस हाय, बॅटरी तरी द्यायची.

मी नानांना हे सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की नानांना ऐकू येत नाहीये.

एक कान आधीच गेला होता, दुसरा चाललेला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोही जाईल, कधी ते नक्की नाही, पण जाईल. मशीन लावून बघितलं तर भांडी घासल्यासारखा आवाज येतो म्हणून काढून ठेवलं. मी रडायच्या बेतात, आणि नाना शांत. म्हणाले, "समदं ऐकून झालंय. एकच राह्यलंय."

ते एक म्हणजे त्यांचं एक नाटक. शेतकऱ्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात झालेलं. गोष्ट साधी. डोंगरातलं घर. भाताचं बी उंदरांनी खाल्लेलं, घरात दाणा नाही, पेरायची वेळ आलेली. म्हातारा सासरा ठरवतो की घाट उतरून कोकणात लेकीच्या गावाला जायचं आणि बी आणायचं. दारात सून उभी. तो म्हणतो, "दार लोटून घे पोरी. कुत्र्याला भाकर टाक. मी बी घेऊन येतो." आणि जातो. आणि येत नाही. सून दारात उभी, तिथं नाटक संपतं. नानांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं जाणं.

आणि त्यात, भाकर टाक म्हटल्यावर, नानांना ठसका लागला. खराखुरा. थेट कार्यक्रम, पुसता येईना. ते खोकत खोकत मागं गेले. बाहेर आल्यावर दिग्दर्शक म्हणाले, सगळा शेवट खोकून घालवलात. त्यानंतर नानांना कधी एवढं मोठं काम मिळालं नाही. त्यांनी ते कुणाला दोष देऊन नाही सांगितलं. असं सांगितलं जसं कुणी सांगतं की इथनं पूर्वी एक ओढा वाहायचा.

"एकदा ऐकायचंय," म्हणाले. "खरंच घान झालं व्हतं का, एवढंच बगायचंय. कान हाय तवर."

म्हणजे बघा. ज्या माणसानं हजारो घरांत आवाज दिला त्यानं त्या नाटकांत स्वतःला कधी ऐकलेलंच नव्हतं. नाटक लागायचं तेव्हा ते आत असायचे नं. आणि टेपा तेव्हा महाग, एखादं भरून ठेवलं तरी पुढं त्याच टेपेवर दुसरं. टीव्हीचंही तसंच. नानांचं सगळं करिअर हवेत गेलेलं. मी मोबाइलवर माझी शिंकसुद्धा साठवून ठेवलेली पोरगी, मला रात्रभर हे काही सुधरेना.

मग मी एक केलं. दुसऱ्या दिवशी मालिकेच्या शेवटी, गोदाआत्याच्याच आवाजात, सांगून टाकलं की माझ्या दादाचा आवाज हरवलाय, अमुक नाटक, कुणी त्या वेळी कॅसेटवर भरून ठेवलं असेल तर कळवा.

काय काय आलं सांगू. एक ताई स्वतःच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या, म्हणाल्या, मागं रेडिओ लागलेला आसंल, बघा. आम्ही अख्खी ऐकली. मागं रेडिओ नव्हता, त्यांच्या चुलत्यांचं भांडण होतं. आणि एक आजोबा आले, टॉवेलात गुंडाळलेला मोठा जुना रेडिओ घेऊन. विक्या म्हणाला, बाबा, यात टेप नाही. आजोबा म्हणाले, "ठावं हाय रं. नाटक न्हाई माज्याकडं. पन मी ते ज्याच्यात ऐकलं त्यो ह्यो सेट. नानांना बघाया ऱ्हाऊ द्या." तो सेट आमच्या खोलीत अजून आहे. लागत नाही. त्याच्यासमोर नाना उगाच जरा वेळ बसतात.

कॅसेट मात्र मिळाली नाही. उन्हाळा संपत आला. नानांशी आता मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि रेकॉर्डिंगला हेडफोन लावून आवाज पार वर चढवावा लागत होता.

आणि मग घाटघरहून फोन आला. आमचं केंद्र तिकडं लागतसुद्धा नाही, पण माझं ते बोलणं व्हॉट्सॲपवर फिरत फिरत नाणेघाटाच्या तोंडापर्यंत गेलेलं. सुनंदाताई म्हणून बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंकडं हाय ते नाटक."

मी विक्याला खुणेनं जवळ बोलावलं. "कॅसेट आहे?"

"कॅसेट न्हाई."

"मग?"

"हाय पन. आता न्हाई मिळायचं. आवणीला या."

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची लावणी. मी विचारलं, आवणीचा काय संबंध? त्या म्हणाल्या, तवाच असतंय त्ये, आणि फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

आषाढात गेलो. विक्याच्या मामाची जीप, मामा, विक्या, मी आणि पुढच्या सीटवर नाना, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. जुन्नर सोडलं आणि धरणाच्या पाण्याकडंनं वर निघालो तसं धुकं सुरू झालं. आधी डोंगराचं वरचं टोक गेलं, मग अर्धा डोंगर, मग झाडं. घाटघरला पोचेपर्यंत जग जीपच्या टपाएवढं राहिलं होतं. कुठनं तरी पाण्याचा आवाज, कुठनं तरी बैल हाकल्याचा. दिसत काही नाही. मला वाटलं आपण गोधडीच्या खोलीतच आहोत, डोळे मिटून, आणि हे सगळं कुणीतरी नुसतं बोलतंय.

सुनंदाताई बांधावर उभ्या होत्या. खाली खाचरात, म्हणजे पाण्यानं भरलेल्या भाताच्या वाफ्यात, बायकांची ओळ वाकलेली. पाठीवर प्लॅस्टिकचे कागद, निळे, पिवळे. मधोमध एक बारकुडी म्हातारी, सुनंदाताईंच्या सासूबाई, हौसाबाई. तिनं मान वर करून नानांना बघितलं आणि परत खाली घातली.

"पावणं, बसा बांधावर. पानी हाय तवर लावून घ्यायचंय. हात थांबवून बोलायला यायचं न्हाई."

विक्यानं काठीला माइक बांधला, त्यावर वाऱ्यासाठी त्याचा मोजा चढवला. मी नानांना हेडफोन लावले आणि आवाज जेवढा चढतो तेवढा चढवला. बायका रोपं खोचत होत्या आणि एक एक पाऊल मागं सरकत होत्या. भात मागं मागं चालतच लावतात, नाहीतर लावलेल्यावरच पाय पडेल. हे मला माहीत होतं. आमच्याकडं भात नाही, पण कुणालाही माहीत असतं. तरीही नानांनी माझ्या हाताला धरलं तेव्हा मला कळलं की ते काय बघतायत.

हौसाबाईनं वाकूनच सांगितलं. वाडीत तेव्हा एकच रेडिओ, तिच्या मालकानं जुन्नरच्या बाजारातनं आणलेला. ते नाटक सगळ्यांनी मिळून तिच्या दारात ऐकलं. दुसऱ्या दिवशी आवणी होती. एकीनं गंमत म्हणून म्हाताऱ्याचं बोलणं म्हटलं, दुसरीनं सुनेचं. काम हलकं झालं. तेव्हापासून दरसाल.

"पन ह्येच का?" विक्यानं विचारलं. "नाटकं तर खूप लागत असतील."

"त्यो बाबा बी आमच्यावानी मागं मागं चालत व्हता ना," हौसाबाई म्हणाली.

नानांनी हेडफोनवर दोन्ही हात दाबले. "कुनी सांगितलं तुमाला?"

"सांगाया कशाला पायजे? तोंड आमच्याकडं व्हतं आन आवाज लांब चालला व्हता. आंधळ्याला बी कळंल."

पुण्या-मुंबईत एवढी वर्षं कुणी हे नानांना म्हटलं नव्हतं. हौसाबाईनं ओळीतल्या एका तरण्या बाईला म्हटलं, "चल गं, धर."

आणि नाटक सुरू झालं. गाणं नव्हतं ते, बोलणंच होतं, पण रोप खोचायच्या ठेक्यात. सून म्हणाली, मामंजी, एवढ्या पावसात कुठं निघाला. हौसाबाई म्हणाली, घरात दाना न्हाई पोरी. आणि मी म्हाताऱ्यांचे आवाज विकून खाते, मला कळतं, ती नक्कल नव्हती. ती श्वास वाक्याच्या मध्येच घेत होती. बरोबर नानांच्या जागेवर. किती आवण्या झाल्या असतील, किती तोंडं बदलली असतील, आणि ती बारकी जागा तशीच.

ओळ मागं सरकत होती. धुकं खाचरावर उतरत होतं. आवाज लांब चालला होता, तोंड आमच्याकडं ठेवून.

"दार लोटून घे पोरी," हौसाबाई म्हणाली. "कुत्र्याला भाकर टाक."

आणि सगळ्या ओळीनं एकदम खोकून दाखवलं.

सगळ्या. सुनेसकट. एक लहान ठसका, मग एक लांब, मग घसा आवरल्यासारखं. विक्याच्या हातातली काठी हलली. नाना उठून उभे राहिले होते.

"ह्यो ठसका," नाना म्हणाले. "बाई, ह्यो नाटकातला न्हाई. मला खराच लागला व्हता. माज्यामुळं नासलं ते."

ओळ थांबली. त्या सकाळी पहिल्यांदाच हौसाबाई सरळ झाली, कमरेवर हात ठेवून, आणि मला माझीच गोदाआत्या समोर उभी दिसली.

"तुमीच व्हय त्यो बाबा?"

"मीच."

"मंग तुमाला कळलं न्हाई का? तितं तर समदं हाय. म्हाताऱ्याला रडू आलं. सुनंम्होरं कसं रडनार, म्हनून खोकल्यात लपिवलं त्यानं. आमच्या नव्या सुना पयल्यांदा ह्येच शिकत्यात. खोकला नीट आला तर आवणी आली." मग जरा थांबून म्हणाली, "नासलं म्हनं. कोन म्हनलं नासलं?"

नाना बांधावर बसले. इस्त्रीच्या शर्टानं, चिखलात. बराच वेळ हेडफोनमधनं नुसतं पाणी ऐकत होते. इथं बोलायचं नसतं एवढं मला कामानं शिकवलंय. आमच्याकडं आता सगळं साठतं, फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, हजारो भाग, आणि त्यातली एक ओळ कुणाच्या हाताला पाठ आहे का, हे मला तेव्हा वाटून गेलं आणि अजून अधूनमधून वाटतं.

थोड्या वेळानं हौसाबाई म्हणाली, "पुढचं राह्यलंय."

"पुढं काय नाही," मी म्हटलं. "तिथंच संपतं नं ते."

"तुमच्या रेडिओत संपलं आसंल. आमचं कसं भागंल? बी आनलं न्हाई तर रोपं कुठनं यायची? ही काय लावतोय मग आमी?" ओळीतल्या बायका हसल्या. "आमी त्याला परत आनला. शेवटलं खाचर व्हत आलं की माजं मालक त्या जांभळीकडनं यायचं, आलो गं म्हनत. मालक गेलं. तवापसनं कुनी म्हनत न्हाई. नुसतं जातोय त्यो." तिनं रोपांची जुडी पाण्यात आपटली. "आता तुमी आलाय तर म्हना."

मी हे नानांच्या कानाजवळ तोंड नेऊन परत सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना यायला सांगत होतं आणि त्यांचा चेहरा नव्या पोरासारखा घाबरा झाला होता.

"कुठनं येऊ?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, अगदी धंद्याच्या आवाजात, "माइक हितंच ऱ्हानार न्हवं?"

"इथंच," विक्या म्हणाला.

नानांनी चपला काढल्या. हेडफोन काढून माझ्या हातात दिले. आणि जांभळीकडं निघाले, बांधावरनं, सवयीनं मागं मागं, तोंड आमच्याकडं.

"नाना, पडाल," विक्या ओरडला. त्यांना ऐकू गेलं नाही. पांढरा शर्ट धुक्यात गेला, मग चेहरा राहिला, मग तोही गेला.

मी हेडफोन माझ्या कानाला लावले. पाणी. बेडूक. रोप खोचल्याचा बारीक आवाज. बायका परत वाकल्या होत्या. एवढा वेळ गेला की विक्या माझ्याकडं बघायला लागला, आणि मलाही वाटलं की नाना नेहमीसारखे गेलेच.

मग लांबून, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी ऐकू आलं. चिखलात पाय. श्वास. आणि एक आवाज, जो मी रोज ऐकते पण जो मी कधी माझ्याकडं येताना ऐकला नव्हता. आधी शब्द कळत नव्हते. मग कळायला लागले. आवाज मोठा होत होता आणि त्यात तो सगळा घाट होता, चढ होता, खांद्यावरचं ओझं होतं.

"दार उघड पोरी. बी आनलंय."

नाना धुक्यातनं बाहेर आले, तोंड समोर, डावा खांदा उतरलेला, हात असे धरलेले जसं खरंच खांद्यावर पोतं आहे.

हौसाबाईनं मान वर केली नाही. हात चालूच होता.

"लई येळ लावला," ती म्हणाली.

नानांना ते ऐकू आलं नसणार. पण ते नट होते, समोरच्याचं बोलणं संपलं की त्यांना कळायचं. "घाट चढून आलोय," ते म्हणाले.

"मंग उभं काय ऱ्हायलाय," हौसाबाई म्हणाली आणि रोपांची एक जुडी त्यांच्या हातात कोंबली. "उतरा खाली. शेवटली वळ हाय."

नानांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, खाचरात उतरले, ओळीत तिच्या शेजारी वाकले, आणि पहिलं रोप खोचून एक पाऊल मागं सरकले.